ऊस उत्पादनाचं रिग्रेशन: नत्र, पाणी आणि खोडवा यांत कुणाचा परिणाम मोठा, हे कशावरून ठरवायचं?

रायबाग_शिवार

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग आणि अथणी तालुक्यांतल्या १२ गावांतून उसाच्या शेतांची माहिती गोळा करून रिग्रेशन (बाकीच्या गोष्टी स्थिर धरून प्रत्येकीचा उत्पादनाशी किती संबंध ते काढायचं गणित) करायचं काम हातात आहे. मार्गदर्शकांचा आग्रह आहे की तक्त्यात प्रत्येक चलापुढे (व्हेरिएबल: नत्र, पाणी, खोडवा) ‘इफेक्ट साइझ’चा, म्हणजे परिणाम किती मोठा याच्या मापाचा, रकाना पाहिजेच. त्या रकान्यात नेमकं काय भरायचं यावर गाडी अडली आहे.

मूळ आकडे इथे टाकता येत नाहीत. म्हणून त्याच मांडणीचे नमुना आकडे तयार केले आहेत, म्हणजे तुम्हाला गणित तपासता येईल. ते खरं निरीक्षण समजू नये.

शेतं १२४. उत्पादन टन प्रति एकर, प्रमाण विचलन (सरासरीभोवती आकडे किती पसरलेत याचं माप) १० टन. आर-स्क्वेअर (उत्पादनातल्या फरकाचा मॉडेलने समजावलेला भाग) ०.४१८, उरलेले डिग्रीज ऑफ फ्रीडम (शेतांची संख्या वजा मॉडेलने ठरवलेले ४ आकडे) १२०.

नत्र, किलो प्रति एकर (प्रमाण विचलन २५): कोएफिशंट (चल एका एककाने वाढलं तर उत्पादनात पडणारा फरक) ०.०९०, स्टँडर्ड एरर (त्या आकड्याची अनिश्चितता) ०.०३९, बीटा (तोच फरक प्रमाण विचलनांत) ०.२३, टी (कोएफिशंट भागिले स्टँडर्ड एरर) २.३१
पाण्याच्या पाळ्या, पूर्ण पिकाला मिळून (प्रमाण विचलन ५): कोएफिशंट ०.७८४, स्टँडर्ड एरर ०.१९५, बीटा ०.३९, टी ४.०२
खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा वाढलेलं पीक) असल्यास १, लागण (नवी लावणी) असल्यास ० (दोन्ही निम्मी निम्मी): कोएफिशंट −६.०, स्टँडर्ड एरर १.३९, बीटा −०.३०, टी −४.३१

उत्पादनाशी साधे सहसंबंध अनुक्रमे ०.५०, ०.५५ आणि −०.३०. नत्र आणि पाण्याचा आपसांत ०.७०. खोडव्याचा त्या दोघांशी संबंध नाही असं धरलंय.

अडचणी अशा:

एक, आर-स्क्वेअरवरून एफ-स्क्वेअर (समजावलेला भाग भागिले न समजावलेला भाग) काढला तर ०.४१८ भागिले ०.५८२ म्हणजे ०.७२ येतो. संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या लहान-मध्यम-मोठा पट्टीवर हा ‘मोठा’. मग तिन्ही चलांपुढे ‘मोठा’ लिहायचं का?

दोन, बीटा हा सहसंबंधासारखा वाचून ०.१ लहान, ०.३ मध्यम, ०.५ मोठा अशी पट्टी लावली तर चालेल का?

तीन, प्रत्येक चलाच्या सेमी-पार्शल सहसंबंधाचा वर्ग (त्या चलाची एकट्याची भर) काढला. नत्र ०.०२६, पाणी ०.०७८, खोडवा ०.०९०. बेरीज ०.१९४. पण आर-स्क्वेअर तर ०.४१८ आहे. मधले ०.२२४ गेले कुठे?

चार, बीटा बघितला तर पाणी पहिलं आणि खोडवा दुसरा. सेमी-पार्शल बघितला तर खोडवा पहिला. यातलं खरं कुठलं?

---

खानापूर_आकडेमोड

आकडे दिलेत हे फार बरं केलंत, सगळं त्यावरच दाखवता येतं.

आधी पहिल्या प्रश्नाचा निकाल लावू. ०.७२ हा पूर्ण मॉडेलचा एफ-स्क्वेअर आहे, कुठल्याही एका चलाचा नव्हे. एका चलाचा हवा असेल तर ते चल काढून मॉडेल परत चालवायचं, आर-स्क्वेअर किती घसरला ते बघायचं आणि ती घसरण पूर्ण मॉडेलच्या उरलेल्या भागाने, म्हणजे ०.५८२ ने भागायची. नत्र काढलं की आर-स्क्वेअर ०.०२६ ने घसरतो, म्हणून नत्राचा एफ-स्क्वेअर ०.०४५. पाण्याचा ०.१३५, खोडव्याचा ०.१५५. मॉडेल परत चालवायचीही गरज नाही खरं तर: टी चा वर्ग करा आणि १२० ने भागा, तोच आकडा येतो. ४.०२ चा वर्ग १६.२, भागिले १२०, झाले ०.१३५. हा तोंडी ताळा लक्षात ठेवा. कुणाच्याही छापील तक्त्यात टी आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम दिलेले असले की एफ-स्क्वेअर तुम्हाला तिथल्या तिथे काढता येतो.

मॉडेल परत चालवून काढणार असाल तर एक खड्डा आहे. समजा आणखी नऊ शेतांची नोंद तुमच्याकडे आहे, पण त्यांचं नत्र कोरं आहे. पूर्ण मॉडेल १२४ ओळींवर चालतं आणि नत्र काढलेलं मॉडेल गुपचूप १३३ ओळींवर. दोन आर-स्क्वेअरची वजाबाकी मग वेगवेगळ्या शेतांची होते, कधी कधी उणेही येते. आधी अपुऱ्या ओळी काढून एकच फाइल करा, मग दोन्ही मॉडेलं तिच्यावर चालवा.

आता कोहेनची पट्टी. १९८८ साली त्यांनी एफ-स्क्वेअरसाठी ०.०२, ०.१५ आणि ०.३५ असे टप्पे दिले, आणि त्या विषयातला काहीच अनुभव हाताशी नसेल तेव्हाच ते वापरा असंही बजावलं. तुमच्या आकड्यांत पाणी ०.१३५ म्हणून ‘लहान’ आणि खोडवा ०.१५५ म्हणून ‘मध्यम’ पडतो. या दोहोंत फरक काय आहे? काहीच नाही. टप्प्याची रेघ मधून गेली एवढंच. तक्त्यात ‘लहान-मध्यम-मोठा’ हे शब्द लिहूच नका, आकडा लिहा.

दुसरा प्रश्न. बीटा हा सहसंबंध नव्हे. फक्त एकच चल असेल, किंवा ते चल बाकीच्यांशी अजिबात जोडलेलं नसेल, तेव्हाच दोन्ही सारखे येतात. तुमच्या खोडव्याचं बघा: साधा सहसंबंध −०.३०, बीटाही −०.३०. पण नत्राचा साधा सहसंबंध ०.५० आणि बीटा ०.२३, कारण नत्राचं बरंच श्रेय पाणी उचलून नेतं. चलं एकमेकांत जास्त गुंतली की बीटा एकच्या वरही जातो आणि चिन्हही उलटं होतं.

हे जवळून बघा. तुमचेच साधे सहसंबंध ठेवा, ०.५० आणि ०.५५. फक्त नत्र-पाण्याचा आपसांतला सहसंबंध ०.७० ऐवजी ०.९५ करा. नत्राचा बीटा होतो ०.५० वजा ०.९५ गुणिले ०.५५, भागिले ०.०९७५, म्हणजे −०.२३. पाण्याचा ०.७७. उत्पादनाशी नत्राचा संबंध जसाच्या तसा असताना ‘नत्र टाकलं की ऊस घटतो’ असं दिसायला लागलं. व्हीआयएफ (चल बाकीच्यांत किती गुंतलंय याचं माप) तेव्हा १० च्या वर गेलेला असतो आणि नत्राचा टी साधारण −१, म्हणजे ते चिन्ह अविश्वसनीयच आहे. तुमच्या आताच्या आकड्यांत व्हीआयएफ १.९६ आहे, काळजीचं कारण नाही. पण अशा बीटाला ०.१-०.३-०.५ ची पट्टी लावायची नसते, हे यावरून पटावं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. सेमी-पार्शलचा वर्ग म्हणजे ‘हे चल शेवटी आलं तर त्याने एकट्याने किती भर घातली’. नत्र आणि पाणी दोघांनाही जो भाग समजावता येतो तो यात कुणाच्याच खात्यावर पडत नाही. तुमचे हरवलेले ०.२२४ तेच. पडताळा: फक्त पाणी घातलं तर ०.३०२५, त्यावर नत्र घातलं की ०.३२८४, भर ०.०२६. फक्त नत्र घातलं तर ०.२५, त्यावर पाणी घातलं की भर ०.०७८. आता ०.३२८४ मधून या दोन भरी वजा करा, ०.२२४ उरतात. जो शेतकरी पाणी भरपूर देतो तो खतही भरपूर टाकतो. त्या ‘दोन्ही भरपूर’चं श्रेय कुणाचं, हे ही माहिती सांगू शकत नाही. ती कमतरता गणिताची नाही, शेतात दोन्ही गोष्टी सोबतच होतात म्हणून आलेली आहे. नत्राचं ०.०२६ बघून ‘नत्राला फारसं महत्त्व नाही’ असं मात्र कृपा करून लिहू नका.

चौथ्याला हेच उत्तर पुढे न्यायचं. बीटा विचारतो: बाकीचं स्थिर ठेवून हे चल एक प्रमाण विचलनाने हललं तर उत्पादन किती प्रमाण विचलनाने हलतं? सेमी-पार्शल विचारतो: या चलाच्या एकट्याच्या हालचालीतून उत्पादनाचा किती फरक समजतो? पाण्याची जवळजवळ अर्धी हालचाल नत्राबरोबर बांधलेली आहे, एकट्याची ५१ टक्केच. खोडवा पूर्ण मोकळा. म्हणून बीटा लहान असून खोडव्याचा सेमी-पार्शल मोठा. दोन्ही खरे, प्रश्न वेगळे.

आणि क्रमवारीवर फार जोर देण्याआधी पट्टे (खरा आकडा ज्यात असावा ती कक्षा) बघा की. पाण्याचा बीटा ०.३९, ९५ टक्के पट्टा साधारण ०.२० ते ०.५९. खोडव्याचा, चिन्ह सोडून, ०.१६ ते ०.४४. पट्टे एकमेकांवर बरेच चढलेत. कोण पहिला हे १२४ शेतांवरून ठरत नाही, आणि तसं स्पष्ट लिहिणं हेच प्रामाणिक उत्तर आहे.

---

हुक्केरी_मृदा

वरचं गणित बरोबर आहे. पण माझ्या मते इफेक्ट साइझचा रकाना मूळ एककातच भरावा. बीटा वाचून शेतकऱ्याला काय, कारखान्याच्या शेती खात्यालाही काही करता येत नाही.

नत्राचा कोएफिशंट ०.०९० म्हणजे एकरी एक किलो नत्रामागे ९० किलो ऊस. पण एक किलो नत्र वेगळं कुणी टाकत नाही. पाऊल गोणीचं धरा. युरियाची गोणी ४५ किलोची, नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. एका गोणीमागे १.८७ टन, आणि ९५ टक्के पट्टा ०.२७ ते ३.४७ टन. आता बोलता येतं: गोणीमागे पाव टनही मिळू शकेल, साडेतीन टनही. पाण्याची एक पाळी ०.७८ टन, पट्टा ०.४० ते १.१७. खोडवा ६ टन कमी, पट्टा ३.२ ते ८.८. ‘पाणी मोठं की नत्र’ असं विचारण्यापेक्षा एक गोणी आणि एक पाळी यांचा खर्च शेजारी मांडा, निर्णय तिथे होतो.

नत्राचे किलो कसे काढलेत तेही तपासा. गोणी पूर्वी ५० किलोची होती. कुणी जुन्या सवयीने २३ किलो धरतं. फक्त युरिया मोजला तर डीएपीच्या ५० किलोच्या गोणीतले ९ किलो आणि १०:२६:२६ या मिश्रखताच्या गोणीतले ५ किलो नत्र सुटतं. शिवाय ‘किती पोती टाकली’ याचं उत्तर कधी एकराचं असतं, कधी २० गुंठ्यांच्या तुकड्याचं. अशी चूक सगळीकडे विखुरली की नत्राचा कोएफिशंट शून्याकडे ओढला जातो. पाण्याशी ०.७० सहसंबंध असल्यामुळे त्याचं हरवलेलं श्रेय पाण्याकडे जातं, कारण पाण्याची नोंद तुलनेने बरी असते. म्हणजे तुमच्या तक्त्यात पाणी नत्राच्या वर दिसतंय, त्यातला काही भाग निव्वळ मोजणीचा असू शकतो. कृषी सेवा केंद्राच्या पावत्या मिळतील तिथे ताळा घ्या.

प्रश्नावलीतला ‘पाळी’ शब्दही बघा. आपल्याकडे पाण्याची पाळी असते तशी कुळवाचीही (मशागतीची) पाळी असते. नुसतं ‘किती पाळ्या दिल्या’ विचारलं असेल तर गडबड आहे. काही गावांत फॉर्म कन्नडमध्ये भरून घेतला असेल आणि तिथे थेट ‘नीरु (पाणी) किती वेळा’ असं विचारलं असेल, तर मराठी आणि कन्नड फॉर्मांची उत्तरं वेगळ्या मापाची होतील. फॉर्मची भाषा हे एक चल म्हणून घालून बघा. कोएफिशंट हलले तर मूळ फॉर्म परत उघडावे लागतील.

पण सगळ्यांत मोठी उणीव वेगळीच आहे. लागणीचा हंगाम मॉडेलमध्ये नाही! आडसाली (पावसाळी लागणीचा) ऊस रानात १६ ते १८ महिने उभा असतो, ‘सुरू’ (हिवाळी लागणीचा) १२ महिने आणि खोडवा ११-१२. जास्त महिने म्हणजे जास्त पाळ्या, जास्त नत्र आणि जास्त टनेज, तिन्ही एकदम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र आहे आणि सुरूला २५०. सीमेवरचे बरेच शेतकरी महाराष्ट्रातली घडीपत्रकं वाचूनच मात्रा ठरवतात. म्हणजे तुमच्या ०.७० सहसंबंधातला मोठा वाटा ‘चांगला शेतकरी’चा नसून नुसत्या महिन्यांचा असेल. नमुन्यात खोडव्याचा पाण्याशी संबंध शून्य धरलाय, पण रानात तसं नसतं. खोडव्याला महिने कमी म्हणून पाळ्याही कमी.

उपाय: पिकाचं वय महिन्यांत घाला, किंवा पाळ्या ‘दर महिन्याला’ अशा मोजा. त्यानंतर जे कोएफिशंट येतील त्यांच्याच इफेक्ट साइझला अर्थ आहे.

---

रायबाग_शिवार

अक्का, हंगामाचा मुद्दा एकदम पटला. फॉर्ममध्ये लागणीची तारीख आहे, तोडणीचीही आहे. वय काढता येईल.

दोन गोष्टी अजून. खोडव्याचं चल ०-१ चं आहे, त्याचा बीटा लिहायचा का? आणि आर या सॉफ्टवेअरमध्ये ‘अनोव्हा’ (उत्पादनातल्या फरकाची चलांत वाटणी) चालवला तर नत्राचा वाटा ०.२५ दाखवतो, ०.०२६ नव्हे. चलांची जागा बदलली की आकडा बदलतो. एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तसं होत नाही.

---

निपाणी_विदा

अनोव्हाचं आधी. आर मधला साधा अनोव्हा चलं लिहिलेल्या क्रमाने एकेक घालत जातो. नत्र आधी लिहिलं की सामाईक ०.२२४ सुद्धा नत्राच्या खात्यात पडतात, म्हणून ०.२५. पाणी आधी लिहिलंत तर पाण्याला ०.३०२५ मिळतील आणि नत्राला ०.०२६. ‘ड्रॉप-वन’ ही आज्ञा प्रत्येक चल शेवटचं धरून हिशेब देते, एसपीएसएसच्या कोएफिशंट तक्त्याशी तीच जुळते. पॅकेजमधून ईटा-स्क्वेअर (फरकातला चलाचा वाटा) काढताना तो कुठल्या प्रकारच्या बेरजेवर काढलाय (क्रमाने की प्रत्येक चल शेवटचं धरून) हे बघितल्याशिवाय तक्त्यात घेऊ नका. अनेक प्रबंधांत ही चूक सापडते, कारण कुठलीच आज्ञा एरर देत नाही.

एसपीएसएसमध्ये लिनिअर रिग्रेशनच्या खिडकीत ‘स्टॅटिस्टिक्स’ दाबा, तिथे ‘पार्ट अँड पार्शल कोरिलेशन्स’ आणि ‘कोलिनिॲरिटी डायग्नॉस्टिक्स’वर टिक करा. कोएफिशंटच्या तक्त्यात सहसंबंधाचे तीन रकाने वाढतात: झीरो-ऑर्डर, पार्शल, पार्ट. सेमी-पार्शल म्हणजे ‘पार्ट’वाला. पार्शलचा रकाना उचलून त्याचा वर्ग केला तर पाण्याला ०.०७८ ऐवजी ०.११९ येतो, खोडव्याला ०.०९ ऐवजी ०.१३४. पार्शलचा भाजक वेगळा असतो: बाकीच्या चलांनी समजावलेला भाग आधी बाजूला काढून उरलेल्यातला वाटा. त्यामुळे मॉडेलमध्ये नवं चल आलं की भाजक बदलतो, आणि वेगवेगळ्या अभ्यासांतले पार्शल शेजारी ठेवून तुलना होत नाही.

आता ०-१ चं चल. त्याचा बीटा लिहू नका. बीटा म्हणजे कोएफिशंट गुणिले चलाचं प्रमाण विचलन भागिले उत्पादनाचं. ०-१ चलाचं प्रमाण विचलन दोन गटांच्या वाट्यावर अवलंबून असतं: निम्मे निम्मे असतील तर ०.५, दहात एकच खोडवा असेल तर ०.३. दोन्हीकडे खोडव्याने तेच ६ टन घटत असताना एकीकडे बीटा −०.३०, दुसरीकडे −०.१८, उत्पादनाचं विचलन १० च धरून. परिणाम तोच, बीटा ४० टक्क्यांनी लहान. हा फरक तुम्ही शेतं कशी निवडलीत त्याचा आहे, उसाचा नाही. आर मध्ये सगळ्या चलांना एकदम ‘स्केल’ (प्रमाण विचलनाने भागणं) लावलं तर ०-१ चल पण त्यात सापडतं, तेवढं वगळा. खोडव्यासाठी ६ टन लिहा आणि हवं तर उत्पादनाच्या विचलनाने भागून ‘०.६ प्रमाण विचलन’ लिहा.

सगळी चलं एका मापात आणायचीच असतील तर संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन यांनी २००८ मध्ये सुचवलेली रीत वापरा: सलग (किलो, पाळ्या अशा मोजमापाच्या) चलांना एकाऐवजी दोन प्रमाण विचलनांनी भागायचं, ०-१ चलाला हात लावायचा नाही. निम्म्या-निम्म्या ०-१ चलाचं विचलन ०.५ असतं, म्हणून ० वरून १ वर जाणं म्हणजे दोन विचलनांची उडी. तुमच्या आकड्यांत: ५० किलो नत्र ४.५ टन, १० पाळ्या ७.८ टन, खोडवा उणे ६ टन. तिन्ही टनात आहेत आणि शेजारी ठेवता येतात.

सामाईक ०.२२४ वाटून हवे असतील तर एलएमजी पद्धत आहे, लिंडमन, मेरेंडा आणि गोल्ड यांची, १९८० ची. चलं सगळ्या शक्य क्रमांनी घालून प्रत्येकाच्या भरीची सरासरी काढायची. आर मधल्या ‘रेलएआयएमपीओ’ पॅकेजात तयार आहे. हाताने: नत्राला ०.२५ आणि ०.०२६ ची सरासरी ०.१३८, पाण्याला ०.३०२५ आणि ०.०७८ ची ०.१९०, खोडव्याला ०.०९०. बेरीज बरोबर ०.४१८.

---

खानापूर_आकडेमोड

एलएमजीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. क्रमवारी बघा: बीटात पाणी, खोडवा, नत्र. सेमी-पार्शलमध्ये खोडवा, पाणी, नत्र. आणि एलएमजीत पाणी, नत्र, खोडवा. खोडवा एकाच माहितीत पहिला, दुसरा आणि तिसरा येऊन गेला! एलएमजी सामाईक भाग निम्मा-निम्मा वाटते, पण तो तसाच वाटायला हवा असं शेतातलं काहीही सांगत नाही. नत्र जास्त टाकायचं की नाही हा प्रश्न असेल तर एलएमजीचा काही उपयोग नाही, तिथे गोणीमागचे टनच लागतात. उत्पादनाचा अंदाज बांधताना कुठली माहिती गोळा करणं सोडून देता येईल, असा प्रश्न असेल तर एलएमजी जरूर बघा.

हंगाम घालताना आणखी एक गोष्ट. एकाच मॉडेलमधले सगळे कोएफिशंट एकाच जातीचे परिणाम नसतात. वय घातलं की पाण्याचा कोएफिशंट ‘वय तेच असताना पाण्याने किती’ हे सांगतो, ते ठीक. पण वयाचा कोएफिशंट आता ‘पाणी आणि नत्र तेच असताना वयाने किती’ असा होतो. आडसालीचा फायदा ज्या वाटेने येतो, ती जास्त पाणी आणि जास्त खताची वाट तुम्ही त्यात बंद केलीत. म्हणून ‘आडसालीचा परिणाम एवढाच’ असं त्या ओळीवरून लिहिता येणार नाही. त्यासाठी पाणी-नत्र नसलेलं वेगळं मॉडेल लागेल. वेस्ट्रायक आणि ग्रीनलंड यांनी २०१३ मध्ये याच चुकीला ‘टेबल टू फॅलसी’ असं नाव दिलं.

नत्राचा परिणाम सरळ रेषेत नसतो, म्हणून नत्राचा वर्गही घालणार असाल तर नत्राचा आणि त्याच्या वर्गाचा वेगळा एफ-स्क्वेअर काढू नका. दोन्ही एकदम काढून आर-स्क्वेअरची घसरण बघा. आणि परिणाम ठरावीक मात्रेवर सांगा: ८० किलोवर असताना आणखी एक गोणी, १२० किलोवर असताना आणखी एक गोणी. दोन्ही उत्तरं वेगळी येतील आणि तीच कामाची.

शेवटी, १२ गावं. एका गावातली शेतं एकमेकांसारखी असतात: माती तीच, नदी तीच, तोडणीची टोळी तीच. साध्या स्टँडर्ड एररमुळे पट्टे खोटेपणाने अरुंद येतात. गाव हा गट धरून मिश्र मॉडेल (गावागावांतला फरक वेगळा धरणारं) चालवा. गटवार रोबस्ट एरर (एका गावातलं साम्य धरून दुरुस्त केलेले स्टँडर्ड एरर) वापरायचे तर १२ गट कमी आहेत, लहान नमुन्याची दुरुस्ती लावूनच वापरा. एक लक्षात असू द्या, मी वर दिलेलं ‘टी चा वर्ग भागिले १२०’ हे सूत्र साध्या रिग्रेशनचं आहे. रोबस्ट एररवरून आलेला टी त्यात घालायचा नाही. सेमी-पार्शलचा पट्टा बूटस्ट्रॅपने (आपल्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून) काढणार असाल तर सुटी शेतं न उचलता अख्खी गावं उचला.

---

रायबाग_शिवार

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता असा करतोय: कोएफिशंट मूळ एककात, एका व्यवहारी पावलाचा परिणाम टनात आणि त्याचा ९५ टक्के पट्टा, सेमी-पार्शलचा वर्ग, व्हीआयएफ. बीटा परिशिष्टात, तोही फक्त सलग चलांचा. सामाईक ०.२२४ तक्त्याखाली वेगळ्या ओळीत. वय घालून आणि गाव गट धरून सगळं परत चालवणार, तेव्हा हे आकडे बदलतीलच.

नमुना आकड्यांवर नत्राचं वाक्य असं लिहिलंय, बघा: ‘नत्राची एक गोणी वाढवल्यास एकरी उत्पादन १.८७ टनांनी वाढते (९५ टक्के पट्टा ०.२७ ते ३.४७). आर-स्क्वेअरमध्ये नत्राचा वाटा २.६ टक्के आहे.’

---

हुक्केरी_मृदा

दोन जागा बदला. ‘वाढवल्यास वाढते’ असं लिहिलंत की प्रयोग केल्यासारखं वाचलं जातं. तुमचं सर्वेक्षण आहे. आणि ‘नत्राचा वाटा २.६ टक्के’ म्हटलं की वाचणारा तो नत्राचा पूर्ण वाटा समजणार. असं करा:

‘पाण्याच्या पाळ्या आणि लागण-खोडवा सारखे असलेल्या शेतांत, युरियाच्या एका गोणीइतके (२०.७ किलो) नत्र जास्त असलेल्या शेताचे एकरी उत्पादन सरासरी १.८७ टनांनी जास्त आढळले (९५ टक्के पट्टा ०.२७ ते ३.४७). उत्पादनातील फरकाचा २.६ टक्के भाग एकट्या नत्राशी जोडता येतो. आणखी २२.४ टक्के भाग नत्र आणि पाणी यांचा सामाईक आहे, तो या माहितीवरून वेगळा करता येत नाही.’

वय घातल्यावर ‘सारखे असलेल्या’च्या आधी पिकाचं वयही लिहा.